माझी सुई दुखत नाही

२ फेब्रुवारी १९७८

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा:

सुया आणि सिरिंज उकळायचं पितळी भांडं, आतल्या जाळीसकट. जाळीची तार मिलच्या भंगारातली, कथलाचा डाग माझा. माणसं जोखायचा काटा. मूळचा भुसारी दुकानातला, पण उभं राहायची फळी आणि साखळ्या मी बसवल्या. खोकल्याचं लाल मिक्श्चर. खरजेचं मलम. मिक्श्चरच्या बाटलीवर डोस दाखवणाऱ्या कातरलेल्या कागदी पट्ट्या, शेकड्यांनी. सुया घासायचा दगड, सागवानी चौकटीत बसवलेला. तेलाचा थेंब टाकून बोथट सुई त्याच्यावर अशी फिरवतो की ती कातडीत शिरली हे माणसाला कळत नाही. ओसरीवरची पाटी, अक्षरं माझीच: 'च. गु. हालकुडे. येथे इंजेक्शन मिळेल.' आणि शेवटची वस्तू मी स्वतः. मैंदर्गीच्या कानडी शाळेत चौथी. मराठी सोलापुरातल्या दुकानांच्या पाट्यांवरून शिकलो, इंग्रजी औषधांच्या खोक्यांवरून. बाळीवेशीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. ते वारल्यावर ओसरीवर माझं माझं सुरू केलं.

हे सगळं आजच लिहून काढलं, कारण आज भर गल्लीत एका माणसानं माझी किंमत केली.

डॉ. ईश्वर तळभंडारे. ट्रस्टच्या क्षय दवाखान्यात नवा लागलाय. घरोघर खोकलेवाले शोधत हिंडतो. माझ्या ओसरीवर मिलमधला सिदू आणि मार्केट यार्डातला हमाल जोतीराम सुईसाठी बसले होते. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसीनची बाटली माझ्या हातात. हा पायरीशी थांबला.

“एका बाटलीत किती माणसं?”

“दोन,” मी सांगितलं. अभिमानानंच सांगितलं. निम्मी बाटली थेंबाला थेंब कुणी करून दाखवावी.

“बरोबर गोळ्या कुठल्या देता?”

“गोळ्यांनी पोट बिघडतं. माझी सुई पुरते.”

“आणि बंद कधी करता?”

“खोकला थांबला, काट्यावर वजन चढलं, की बंद. उगाच अंगात उष्णता कशाला वाढवा?”

तो हसला नाही. हसला असता तर मी एक वेळ विसरलो असतो. म्हणाला, “कंपाउंडर, तुम्ही क्षयाची शाळा चालवताय. रोगाचे जंतू तुमच्याकडं शिकून पास होतायत.”

जोतीराम खो-खो हसला. “आप्पा, मंग तुमी हेडमास्तर की!”

शाई वाळायच्या आत लिहून ठेवतो: या माणसाला मी लोकांदेखत पायरी उतरायला लावीन. त्याशिवाय ही वही मिटणार नाही.


४ फेब्रुवारी

गल्लीतली पोरं 'हेडमास्तर' म्हणून पळतात. गुरम्मा आपल्या कानडी 'अहो'नं सुरू करते, “री, हसू द्या की त्यांना. हसल्यानं सुई बोथट होती का?” बायकोला नवऱ्याच्या अपमानाचं काय! मी म्हणालो, गप्प बैस, खोकला येईल.

आलाच.

तिचा क्षय मी पाहतोय दोन वर्षं. दोनदा मी तिला पूर्ण बरी केली. एकच माणूस दोनदा बरा करणारा डॉक्टर सोलापुरात दाखवा. या तिसऱ्या खेपेला सुईनं जोर धरेना, म्हणून सुई थांबवून दवाखान्यात देतात तसल्या नुसत्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. त्याही थकल्यासारख्या वाटल्या, म्हणून परत सुई. मी एका वेळी एकच औषध देतो. तीन-तीन औषधं एकदम देणं म्हणजे एकावरही विश्वास नसणं.

हल्ली तिला हाक मारली तर ओ देत नाही. भिंतीला हात लावून चालते. चाळिशीत ही म्हातारपणाची सोंगं.

तळभंडारेची आई येसूबाई ट्रस्टच्या याच दवाखान्याच्या पायऱ्या झाडायची. मी जातपात कधी बोलत नाही, इथंही बोललो नाही. फक्त पायऱ्यांवरून आठवलं.


९ फेब्रुवारी

शत्रूची नस सापडली.

आज विचार करता करता लक्षात आलं. सिदू, जोतीराम, आणि पलीकडच्या वस्तीतली विडीवाली मनकर्णा, तिघंही माझ्याकडं बरे झालेले. खोकला गेला, अंग धरलं, मी सुई बंद केली. मग पुन्हा खोकला आल्यावर तिघंही सुईला माझ्याकडं आलेच, पण मला न सांगता त्याच्या दवाखान्यातही गेले. आणि आता तिघांनाही उतार नाही. माझ्याकडं बरे आणि त्याच्याकडं आजारी! याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल. त्याचं औषध पाणी आहे. दवाखान्यात स्ट्रेप्टोमायसीनची खोकी उतरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीत. खोकी येतात आणि माणसं बरी होत नाहीत, तर बाटल्यांतलं औषध कुठं जातं? माझा संशय मी लिहीत नाही. सिद्ध करून मग लिहीन.

सिदू संध्याकाळी आला, त्याला सांगितलं, दवाखान्याच्या गोळ्या गटारात टाक. बिचाऱ्यानं माझ्यासमोर टाकल्या.


१३ फेब्रुवारी

चाटी गल्लीतले वीरभद्रप्पा शेठ, सुताचे व्यापारी, दवाखान्याचे ट्रस्टी. गुडघ्यासाठी माझ्याकडून ताकदीची सुई घेतात. आज सुई काढली तरी धोतर वर धरून बसलेले. “टोचलंस का अजून न्हाय?” मी रिकामी सिरिंज दाखवली. खूश झाले. ती वेळ साधून मी बोललो.

पुण्याला एक मोठी प्रयोगशाळा आहे. माणसाचा बेडका तिथं पाठवला की काचेत रोगाचे जंतू वाढवतात आणि त्यांच्यावर एकेक औषध घालून बघतात, कशानं मरतात आणि कशानं नाही. निकालाला तीन महिने लागतात. मी म्हणालो, शेठ, या तिघांचे पाठवा. दवाखान्याच्या औषधानं जंतू मरत नाहीत हे कागदावर येऊ दे. मग ट्रस्टच्या सभेत तुम्हीच बघा डॉक्टरकडं.

शेठनी डॉक्टरला बोलावून विचारलं. तो लगेच हो म्हणाला! वर म्हणतो, मी कधीचा हेच मागतोय, वहिनींचाही पाठवा. गुरम्माच्या नमुन्याला मीही हो म्हणालो. माझ्या हातची एक आणि त्याच्या हातचे तीन. फरक पुण्याला दिसू दे.


१८ फेब्रुवारी

नमुने न्यायला लाकडी पेटी केली. चार कप्पे, आत कापूस, वरून सरकतं झाकण. बाटल्या मी उकळल्या, नावं मी घातली, बुचांवर लाख मी ओतली आणि ओल्या लाखेवर माझा अंगठा उठवला. आता कुणी बाटली बदलली तर माझा अंगठाच ओरडेल.

पेटी घ्यायला डॉक्टर स्वतः आला. गुरम्मा दारात ज्वारी निवडत होती. तिच्यासमोर उकिडवा बसला. एकदा विचारलं, तिनं वर पाहिलं नाही. मग मोठ्यानं, “वहिनी, कानात आवाज येतो का?”

“येतो की. मिल चालू असल्यासारखा,” ती म्हणाली. “मला वाटलं सगळ्यांनाच येतो. सोलापूर हाय.”

दोघंही हसले. मला त्यात हसण्यासारखं दिसलं नाही.

मग मला म्हणतो, “आप्पा, हे सुईच्या औषधानं होतं. कान जातात, तोल जातो. ताबडतोब बंद करा.” मी म्हणालो, मी निम्मंच देतो, निम्म्यानं कसं होईल? तर म्हणाला, “बरं करायला निम्मं पुरत नाही, पण वर्षानुवर्षं दिलं तर कान घालवायला पुरतं. आणि एकटं औषध म्हणजे राखणीला एकच कुत्रं. चोर रोज येतो, त्याला ओळखतो, भाकरी टाकायला शिकतो. दोन-तीन कुत्री एकदम सोडली तरच चोर पळतो. आणि पळाला असं वाटल्यावरसुद्धा वर्ष-दीड वर्ष सोडून ठेवावी लागतात.”

औषधं म्हणजे कुत्री! हे यांचं शिक्षण. कॉलेजात काय शिकवतात कोण जाणे.

सुई बंद केली नाही. त्यानं सांगितल्यावर तर नाहीच.


७ मार्च

शिवरात्र. उपास. पहाटे गुरम्माच्या बेडक्यात रक्त. पहिल्यांदाच तिला आख्खी बाटली दिली. गळ्यातल्या इष्टलिंगापुढं मी फार मागत नाही. आज दोन गोष्टी मागितल्या. पहिली डॉक्टरला उतरवण्याची होती, गुरम्माची दुसरी, हे लिहिताना लक्षात आलं.


३ एप्रिल

सिदू गेला.

त्याची बायको रडत सांगत होती, शेवटच्या दिवशीपण म्हणत होते, आप्पांना बोलवा, त्यांची सुई दुखत न्हाय. मला भरून आलं. अशी पावती किती जणांना मिळते?

मयताला तळभंडारे आला होता. टोपी नाही, छत्री नाही, उन्हात मागं उभा. माझ्याकडं बघत होता. मी बघितलं नाही. सिदूच्या मरणाचा हिशोब मी सभेत मागणार. आता हे माझ्या एकट्याचं राहिलेलं नाही.

तिकडं जोतीराम हल्ली ओसरीवरून मान खाली घालून जातो. हाक मारली तर म्हणाला, “आप्पा, डाक्टर म्हनतो दोनीकडचं नको. आता नुसत्या गोळ्या घेतो. सा किलो वाढलो की!” माझ्या काट्यावर चढ म्हटलं, तर म्हणे उशीर होतोय. खोटारडा. अंगावर मांस आलंय खरं, पण हमालाचं अंग, ते काय औषधानं येतं?


२६ मे

निकाल आला! शेठनी दुकानात बोलावून कागद दाखवला. इंग्रजी मी सावकाश पण बिनचूक वाचतो. स्ट्रेप्टोमायसीन: चौघांच्याही जंतूंवर परिणाम नाही. चौघांच्याही!

दुकानातल्या सुताच्या गठ्ठ्यांवर चढून ओरडावंसं वाटलं. शेठ म्हणाले, “खाली अजून काही लिहिलंय बघ.” मी म्हणालो, सभेत वाचू. रविवारी सभा ठरली. मनकर्णा आणि जोतीरामला साक्षीला आणायचं मी कबूल केलं. दोघांनाही माझी भीड आहे, नाही म्हणणार नाहीत.

धोतर निळीत घालून ठेवलंय. गुरम्माला सांगितलं, रविवारी तूही चल. तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगितलं नाही. नसली तरी चालेल.


२८ मे, रविवार

सगळं आठवतंय तसं लिहितो. पुढं कुणी बदलून सांगायला नको.

दवाखान्याचा व्हरांडा. ट्रस्टी खुर्च्यांवर, गल्लीतले पन्नासेक लोक पायऱ्यांवर आणि आवारात. डॉक्टर खांबाला टेकून उभा. मी उठलो. आधी सिदूचं नाव घेतलं. मग म्हणालो, “हे लोक माझ्याकडं हिंडते-फिरते झाले आणि इथं येऊन झिजले. का झिजले ते हा कागद सांगतो. डॉक्टरांच्या दवाखान्यातलं औषध जंतूंना पाण्यासारखं आहे. विचारा त्यांना, खोक्यांतलं औषध कुठं गेलं?”

आवारात कुजबुज झाली. मी त्याच्याकडं बघितलं. हाच क्षण मी चार महिने मनात घासत होतो.

शेठनी कागद वाचला. स्ट्रेप्टोमायसीन, चौघांनाही लागू नाही. गोळ्या मात्र सिदू, मनकर्णा, जोतीराम तिघांनाही लागू. “चौथं नाव गुरम्मा हालकुडे. हिला गोळ्यापण लागू नाहीत.” शेठ थांबले. “पुण्याहून येताना काही घोटाळा?” त्यांनी मलाच विचारलं.

माझ्या तोंडून गेलं, “सील माझं होतं. पुण्यानं ते शाबूत मिळाल्याचं लिहिलंय.” जे खरं ते खरं.

डॉक्टर एवढंच म्हणाला, “मनकर्णाबाई, मी तुम्हाला कधी सुई दिली?”

ती पदर सावरत उठली. “न्हाय बा. तुमी गोळ्याच दिल्या की. लई कडू. सुई आपली आप्पांची.” माझ्याकडं वळून हसली. “आप्पा, तुमची दुखत न्हाय.”

“जोतीराम?”

“मी तर मागून मागून दमलो. डाक्टर सुई देतच न्हाय! म्हनतो, ती खाटंवर पडलेल्यांसाठी ठेवलीय, ती बी गोळ्यांच्या जोडीनं. मग काय, आप्पांकडं जायाचो. मऊ हात हाय त्यांचा, खोटं कशाला बोलू?”

“आणि सिदू?”

“सिदूबी आप्पांचाच. आमी दोघं एका बाटलीतले.”

त्याच्या छपराखाली, त्याच्याच तोंडावर, सगळ्यांनी माझं नाव घेतलं. मी अशा साक्षीची अपेक्षाही केली नव्हती. मी हात जोडले. टाळ्या वाजल्या नाहीत. आवारात कुणीतरी खोकलं आणि त्याच्या शेजारचा बाजूला सरकला. वीरभद्रप्पा शेठनी गुडघ्यावरचं धोतर हळूच खाली ओढलं आणि चपला शोधू लागले.

डॉक्टरनं कागदाची घडी घातली. त्याला बोलायला संधी होती. एक शब्द बोलला नाही. हरलेला माणूस बोलत नसतो.


३० मे

दोन दिवस ओसरीवर कुणी नाही. उन्हाचा कडाका, माणसं घराबाहेर पडत नाहीत. भांडं उकळून ठेवलं, सुया घासून ठेवल्या. शेठचा माणूस सांगून गेला, गुडघा आता बरा आहे, येऊ नका.

पोरांनी 'हेडमास्तर' म्हणायचं सोडलं. आता काहीच म्हणत नाहीत. मला बघून रस्त्याच्या पलीकडनं जातात.

गुरम्माचं वजन केलं. काटा मी केलेला आहे, तो चुकत नाही. आकडा इथं लिहीत नाही.


२ जून

संध्याकाळी तळभंडारे आला. एकटा. खुर्ची होती, तरी पायरीवर बसला.

“आप्पा, भांडायला आलो नाही.”

मी म्हणालो, “मग हरल्याचं सांगायला आलात.”

“तसं समजा,” तो म्हणाला. मग माझ्या दगडाकडं वळला. घासलेली एक सुई उचलून उजेडात धरली. “माझ्याकडच्या सुयांना माणसं रडतात. अशी सुई मी मुंबईतपण नाही बघितली.” खाली ठेवली, जिथली तिथं. “वहिनींना जुनी दोन्ही औषधं उपयोगाची राहिली नाहीत. पण एक नवं निघालंय. लाल कॅप्सूल. तिच्या जोडीला दुसरी एक गोळी. दोन्ही एकदम, एकही दिवस न चुकवता. त्यानं माणूस वाचतो, मी वाचलेले बघितलेत. ट्रस्टला ते परवडत नाही. मी आणून देतो.”

“उपकार?”

“नाही. उद्यापासून तुम्ही दवाखान्यात या. पगार शेठ देतील, मी बोललोय त्यांच्याशी. भांडं, दगड, सगळं घेऊन या. सुई तुमची, शब्द माझा. कुठलं औषध, किती आणि कधीपर्यंत, एवढंच माझं. ओसरीवरची पाटी तेवढी काढा.” मग शर्टाच्या खिशावर हात ठेवून औषधाचा खर्च बोलला, माझ्या घराण्यात कुणी एका वेळी पाहिला नसेल असा. “पैसे बाजूला काढलेत. फेडायचे नाहीत. पण आत्ता हो-नाही करू नका. वहिनींना विचारा. जीव त्यांचा आहे.”

त्यानं सभेत साक्षींनंतर तोंड उघडलं नव्हतं ते का, हे मला तेव्हा कळलं. लोकांदेखत मारण्यापेक्षा एकांतात विकत घेणं त्याला बरं वाटलं. येसूबाईच्या पोराच्या शब्दावर मी सुई उचलायची! पाटी मी रंगवलीय.

मी उभा राहिलो. “माझ्या ओसरीवरून उतरा.”

तो उठला. माझ्याकडं बघितलं, मग दारातून आत, आणि पायरी उतरला. वहीच्या पहिल्या पानावर जे लिहिलं होतं ते झालं. फक्त लोक नव्हते.

आत गुरम्मा चुलीपाशी होती. भाकरी तव्यावर. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, “एष्टु?”

किती, म्हणून कानडीत. डॉक्टरचा खिशावरचा हात तिनं दारातून पाहिला असणार. मी म्हणालो, काही नाही.

“एष्टु, री?”

मी हळूच सांगितलं. तिनं पिठाचा हात कानामागं धरला. मी जरा मोठ्यानं सांगितलं. तिनं मान हलवली. “ऐकू येत न्हाय.” मग तवा उतरवला, उठली, आणि भिंतीला हात लावत लावत थेट ओसरीवर जाऊन उभी राहिली. शेजारच्या बायका दिव्याच्या वेळेला दारात बसलेल्या. जोतीराम यार्डातून परतत होता, तो थांबला. गुरम्मा माझ्या ओठांकडं बघत होती.

मला संशय आहे, तिनं पहिल्याच वेळी ऐकलं होतं.

“पैल्यापास्नं सांगा,” ती म्हणाली. “तो काय देत हुता, आन् तुमी काय म्हनला.”

गिऱ्हाइकासमोर मी कधी आवाज चढवला नाही. आज सगळ्या गल्लीसमोर ओरडून सांगावं लागलं. ओरडलो ते शब्दाला शब्द इथं लिहितो:

“डॉक्टर तुला जगवायचं औषध स्वतःच्या पैशानं आणणार होता, आणि मला दवाखान्यात जागा देणार होता! तुला विचारायला सांगत होता! मी नाही म्हणालो! दोन हजार चारशे रुपये!”